महालातल्या प्रेसचा बंद कॉम्प्युटर: एकामागे एक लपलेले दोष

नागपूरच्या महाल भागात लग्नपत्रिका छापणारी एक जुनी प्रेस आहे. तिथल्या डिझाइनच्या टेबलाखाली एका मोठ्या कंपनीचा, कुठल्याशा ऑफिसातून जुना म्हणून विकत घेतलेला कॉम्प्युटर होता. कोअर २ ड्युओ प्रोसेसर, डीडीआर२ रॅमच्या दोन पट्ट्या, १६० जीबीची साटा हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तांची कामं टेबलावर पडलेली असताना तो बंद पडला. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. स्क्रीन काळीच.

नवा कॉम्प्युटर आणून बसवणं हा इथे उपाय नव्हता. पत्रिकांची अक्षरजुळणी पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते. ते २००१ साली आलं, आणि पुढे अडोबीनेच त्याची जागा इनडिझाइनला दिली. मराठी मजकूर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. अशा फाइलमध्ये मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलं नसतं. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असतात. तो नेमका फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती चिन्हांची गर्दी दिसते. आणि हा फॉन्टसंच चालायला कॉम्प्युटरच्या मागे, पूर्वी प्रिंटर जोडायचे त्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला, डोंगल, म्हणजे परवाना असल्याची खूण देणारा छोटा जोड, लावावा लागतो. प्रेसमध्ये सगळे त्याला ‘लॉक’ म्हणतात. आजच्या मशीनला हा पोर्ट नसतो. वेगळं कार्ड लावून तो मिळवता येतो, पण कार्डाच्या पोर्टला जुना ठरलेला ३७८ हा पत्ता मिळेलच असं नाही, आणि असे जुने डोंगल बहुधा त्याच पत्त्यावर शोधले जातात. त्यामुळे हा खोकाच पुन्हा उभा करायचा होता.

दुरुस्तीसाठी मी पोचेपर्यंत दोघांचे सल्ले मिळून गेले होते. एकाने सांगितलं, मदरबोर्ड उडाला. दुसऱ्याने सांगितलं, फॉरमॅट मारा आणि विंडोज नवीन टाका. या दुसऱ्या सल्ल्याची मला खरोखर भीती वाटते, कारण तो फार सहज दिला जातो. जे मशीन पुरतं जागंच होत नाही, ते अजून हार्ड डिस्कपर्यंत गेलेलंच नसतं. विंडोज बिघडलंय की नाही हे त्या टप्प्यावर कुणालाही कळू शकत नाही. मग जे तपासलंच नाही ते पुसून टाकायचं कशाला? इथे तर त्या डिस्कवर कितीतरी वर्षांच्या पत्रिका होत्या. थोरलीची पत्रिका इथे झाली म्हणून धाकट्याची करायला तीच माणसं येतात आणि म्हणतात, तशीच काढा, फक्त नावं बदला. बॅकअप म्हणून एक पेन ड्राइव्ह होता, त्यात गेल्या दिवाळीपर्यंतचं काम.

प्रेसवाल्या काकांना मी आधी जुना इतिहास विचारला. बंद पडण्याआधी काही वेगळं जाणवत होतं का? काका म्हणाले, “हिवाळ्यात सकाळी तीन-चारदा बटण दाबावं लागे भाऊ. एकदा सुरू झाला की मग दिवसभर काही नाही. आम्ही म्हटलं, थंडीनं होऊन राहिलं असंन.”

थंडीनंच होत होतं, आणि या एका वाक्यात अर्धं निदान होतं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. नळाला पाणी कमीजास्त आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात धार सारखी राहते, तसं ते व्होल्टेज सारखं ठेवतात. त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो आणि अंतर्गत रोध वाढतो. गारठ्यात तो रोध आणखी वाढतो, गरम झाल्यावर कमी होतो. म्हणून म्हातारा एसएमपीएस डिसेंबरच्या सकाळी अडतो आणि एकदा तापला की सुरळीत चालतो. या कपॅसिटरांबद्दल एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. नागपुरात उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, टेबलाखालच्या खोक्यात त्याहून जास्त. थंडीतली कुरकुर ही सूचना होती, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कपॅसिटरांनी हात टेकले.

पहिलं काम म्हणजे हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढून ती बाजूला ठेवली. वीज धड नसताना बटण पुन्हा पुन्हा दाबलं की डिस्क अर्धवट फिरते, थांबते, परत फिरते. जुन्या डिस्कला हा ताण सोसत नाही. शिवाय मशीन कधी चुकून सुरू झालंच, तर एक्सपी आपणहून डिस्कची तपासणी सुरू करतं आणि दुखऱ्या डिस्कवर लिहायला लागतं. काकांच्या पुतण्याला, जो डिझाइन करतो, वाटलं मी डिस्कच खराब ठरवतोय. त्याला सांगितलं, अजून काहीच ठरवलेलं नाही, फक्त ती धोक्यातून बाहेर काढली.

मग कॅबिनेटला हात लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. पुतण्या म्हणाला, “ते तर नेहमीचंच आहे.” हे नेहमीचं असता कामा नये. एसएमपीएसच्या तोंडाशी विद्युत गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून कॅबिनेटकडे, दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे. अर्थिंग जोडलेलं असेल तर ती किंचितशी गळती जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेलं असेल तर कॅबिनेट जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि कॅबिनेटमध्ये ११० च्या आसपास आकडा. जुन्या वाड्यातली वायरिंग, भिंतीवरच्या स्विचबोर्डातली अर्थिंगची तार सॉकेटपासून सुटलेली. वायरमनने ती जोडली, अंगणातला अर्थिंगचा खड्डाही उघडला. काळी माती उन्हाने भेगाळून कोरडी ठक्क पडली होती. कोळसा-मीठ भरून त्यात पाणी सोडलं. उन्हाळ्यात आपल्याकडे हा खड्डा अधूनमधून भिजवावाच लागतो. कॉम्प्युटर बंद पडण्याचं कारण हे नव्हतं, तरी ते तसंच सोडून पुढे जाणं मला पटलं नसतं.

आता एसएमपीएस. बरेच जण २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि एखादी काळी तार तारेच्या तुकड्याने जोडतात, पंखा फिरला की एसएमपीएस चांगला असं ठरवतात. ही चाचणी फार थोडं सांगते, कारण त्या वेळी डब्यावर भार जवळपास नसतो. आकडा मोजायला हवा, तोही मदरबोर्ड जोडलेला असताना. जांभळी तार ५ व्होल्टची स्टँडबाय असते. बटण दाबण्याआधीपासून, भिंतीतली वीज आली की लगेच ती सुरू असते आणि बटणाची हाक ऐकण्यासाठी मदरबोर्ड तिच्यावरच जागा असतो. ५ टक्क्यांची सूट धरली तर ४.७५ ते ५.२५ मध्ये आकडा हवा. इथे ४.३ होता, आणि बटण दाबताच ४ च्या खाली घसरत होता. पंख्याच्या अर्ध्या फेऱ्याचा उलगडा इथेच झाला.

एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलता येतात, पण ज्याला सवय नाही त्याने तो डबा उघडूच नये. २३० व्होल्टची वीज आत एकदिश होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकते. लग्नसराईच्या तोंडावर नवा डबा घेणंच शहाणपणाचं होतं. तो सीताबर्डीत मिळाला. जोडण्याआधी जुन्या आणि नव्या कनेक्टरच्या तारांचे रंग एकेक करून जुळवले, कारण काही नामांकित कंपन्या आपल्या मशीनमध्ये तारांचा क्रम स्वतःचा ठेवतात आणि तिथे सरळ नवा डबा लावला तर बोर्ड खरोखरच उडतो. या मशीनमध्ये क्रम सर्वसाधारण होता. प्रोसेसरसाठीचा ४ पिनांचा वेगळा कनेक्टर लावायलाही विसरू नये. तो राहिला तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते, माणूस उगीच भलतीकडे शोधत बसतो.

नवा डबा लावला, पंखे जोरात फिरले. स्क्रीन काळी. काका निराश झाले. “म्हणजे एसएमपीएस उगाच बदलला का?”

जुन्या मशीनच्या दुरुस्तीत माणसं इथेच चुकीच्या वाटेला लागतात असा माझा अनुभव आहे. एक वस्तू बदलली, तरी मशीन सुरू झालं नाही, म्हणजे ती वस्तू चांगलीच होती असं मानून जुनी परत बसवतात आणि पुढचा दोष शोधायला लागतात. मग दोष दोन होतात आणि एकही सापडत नाही. जुन्या मशीनमध्ये पुढचा दोष मागच्याच्या आड उभा असतो. मागचा बाजूला झाल्याशिवाय तो दिसतच नाही. जांभळ्या तारेवर आता ५.०५ होते, हा आकडा हातात होता, म्हणून मागे वळायचं कारण नव्हतं.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि मुद्दाम रॅमशिवाय बटण दाबलं. कॅबिनेटमधल्या छोट्या स्पीकरमधून बीप आले. मला ही चाचणी फार मोलाची वाटते. रॅम नाही ही तक्रार करायलासुद्धा प्रोसेसरला बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होताना बोर्डावरच्या चिपमधून सर्वांत आधी चालणारा, कार्यक्रम चालवावा लागतो. तक्रार आली याचा अर्थ प्रोसेसर, बायोसची चिप आणि बोर्डाचा मोठा भाग जिवंत आहे. ‘बोर्ड उडाला’ हे निदान तिथेच निकालात निघालं. पट्टी परत बसवली तरी बीप तेच, म्हणजे बोर्डाला रॅम दिसतच नव्हती. पट्टीचे सोनेरी दात भिंगातून पाहिले. त्यांच्यावर पांढुरका, खरखरीत थर होता.

टेबलाच्या अगदी शेजारी खिडकीत कूलर लागतो. एप्रिल ते जून तो दिवसभर चालतो, आणि दमट हवेचा झोत सरळ टेबलाखाली जातो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर उडतात, कागदाच्या धुळीवर बसतात, धूळ ओल धरून ठेवते. कॉम्प्युटरला थंड हवा लागावी म्हणून काकांनी तो आवर्जून कूलरसमोर ठेवला होता, आणि नागपुरात हे मी घरोघरी पाहतो. कोरडी गरम हवा पंखा कशीबशी निभावून नेतो. क्षारांची ओल मात्र संपर्क कुजवते.

दात पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड वापरलं. खोडरबरने घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, शिवाय रबराचा चुरा खाचेत पडतो. रॅमच्या खाचा मऊ ब्रशने साफ केल्या, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, पंख्यातला कागदाचा भुगा काढला. आधी एक पट्टी, मग दुसरी. स्क्रीन उजळली.

स्क्रीनवर संदेश होता: तारीख-वेळ ठरलेली नाही, सेटअप चालवा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून मोजला. ३ व्होल्टच्या ऐवजी १.९. हा सेल संपलेला काही आज नव्हता. पण मशीनला भिंतीतून वीज मिळत असेल तर घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग त्याच स्टँडबायवर टिकून राहतात, सेलवर भार येत नाही. प्रेसमध्ये यूपीएस कधी बंदच करत नसत. त्यामुळे सेल संपल्याचं कुणाला कळलं नाही. स्टँडबाय कोसळली त्या दिवशी सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि बोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेला. याचे परिणाम पुढे दोनदा भोगावे लागले. नवा सेल टाकला, तारीख भरली, आणि त्या वेळच्या बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले.

मधल्या वेळात डिस्कचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू होतं. ती साटा केबलने थेट जोडली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवलं आणि स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिला. सी५ या ओळीत, जिथे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, मोजले जातात, शून्य हवा होता. तिथे २४ होते. सी७ ही ओळ केबलच्या चुकांची. ती शून्य होती, म्हणजे दोष केबलचा नव्हता, डिस्कचाच होता. अशा डिस्कवर तपासणी-दुरुस्तीचा कार्यक्रम चालवणं हा सरळ धोका आहे, कारण तो आहे त्याच जागी फेरफार करतो. आधी प्रत घ्यायची.

जीएनयू डीडीरेस्क्यू यासाठी मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ते आधी चांगले भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागा नंतरसाठी सोडतं. कुठे काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी थांबलं तिथून पुढे जाता येतं. साध्या कॉपी-पेस्टमध्ये पहिल्याच खराब फाइलवर डिस्क खटखट करत बसते आणि बाकीचं चांगलं वाचायच्या आधीच दम तोडू शकते. निरोगी १६० जीबीची डिस्क सेकंदाला ६० एमबी वेगाने पाऊण तासात उतरते. हिला रात्रभर लागलं. शेवटी न वाचलेला भाग काही किलोबाइटांचाच राहिला, आणि तो कुठल्या फाइलींत पडतो हे शोधलं तर बहुतेक विंडोजच्या पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅमला जोड म्हणून वापरायच्या तात्पुरत्या फाइलमध्ये, जिच्यातला मजकूर नंतर लागत नाही. पत्रिका सगळ्या बचावल्या. पुतण्याने एकेक फोल्डर उघडून पाहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्यासाठी हे काम करावंसं वाटतं.

प्रत नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, घेतली होती. ती प्रेसच्या मशीनमध्ये लावली. एक्सपीचा लोगो आला आणि लगेच निळी स्क्रीन, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी. पुतण्याला वाटलं प्रत बिघडली. ७बीचा अर्थ असा की विंडोज सुरू तर झालं, पण ज्या डिस्कवरून सुरू झालं तीच त्याला आता दिसत नाही. कारण मघाचंच. कारखान्यातल्या मूळ सेटिंगमध्ये साटाचा प्रकार, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ही नवी होती. एक्सपीला एएचसीआयचा ड्रायव्हर उपजत नसतो. हे मशीन जुन्या आयडीई पद्धतीवर बसवलेलं होतं. बायोसमध्ये तेवढा एक पर्याय बदलला आणि एक्सपीचा डेस्कटॉप आला, काकांनी ठेवलेल्या टेकडी गणपतीच्या फोटोसकट. इथे कुणी विंडोज नव्याने टाकायला बसलं असतं तर फॉन्टसंच, त्याची नोंदणी, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं हातचं गेलं असतं.

पेजमेकर उघडलं. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरने सांगितलं, लॉक सापडत नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण डोंगलला पर्याय नव्हता. डोंगल काढून कोरड्या कापडाने पिना पुसल्या, परत लावला, स्क्रू आवळले. तरी नाही. मग पुन्हा बायोस. पॅरलल पोर्टचा पत्ता ३७८ बरोबर होता, पण पद्धत ईसीपी होती, जी पुढच्या काळातल्या वेगवान प्रिंटरांसाठी आली. पूर्वी कुणीतरी ती साध्या पद्धतीवर बदलून ठेवलेली असणार, आणि ती नोंद सेलबरोबर गेली. साधी पद्धत निवडली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि अर्धवट राहिलेली पत्रिका ‘चि. सौ. कां.’पासून खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत जशीच्या तशी उघडली. त्याच संध्याकाळी छपाईची प्लेट गेली.

नंतर ज्या गोष्टी केल्या त्या मला दुरुस्तीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. मशीन कूलरच्या झोतातून उचलून पलीकडच्या भिंतीला, जमिनीपासून वर लाकडी पाटावर ठेवलं. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, म्हणून त्याची इंटरनेटची वायर काढून टाकली. ग्राहकांचे फोटो आणि मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्हायरस तपासूनच पेन ड्राइव्हने येतात. बायोसच्या बदललेल्या दोन सेटिंग कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. जुनी हार्ड डिस्क पुसली नाही. तारीख घालून कपाटात ठेवली. एसएसडीची संपूर्ण प्रत दुसऱ्या एका डिस्कवर आहे आणि ती काकांच्या घरी असते, प्रेसमध्ये नाही.

डोंगल मात्र एकच आहे आणि तो कधीतरी जाणार. त्याआधी करण्यासारखं एक काम पुतण्याने हाती घेतलं आहे: रोज थोड्या जुन्या फाइली उघडून त्यांचे फॉन्टसकट पीडीएफ करायचे, म्हणजे निदान छापण्यापुरत्या त्या कुठल्याही मशीनवर चालतील. मांडणीत बदल करायची वेळ आली तर इनडिझाइनची सीएस६ पर्यंतची आवृत्ती पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडते. त्यापुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. नव्या पत्रिकांचा मजकूर तो आता युनिकोडमध्येच घेतो. सुरुवात त्याने ज्या घरांत पुढच्या एक-दोन वर्षांत लग्न निघण्यासारखं आहे त्यांच्या फाइलींपासून केली, आणि ती यादी काकांना तोंडपाठ आहे.